कॅलेंडरमागची काच

मधल्या खोलीतले कॅलेंडर काढू द्यायला आई तयार नव्हती. घर विकण्याचा निर्णय तिचाच होता. अण्णा गेल्यानंतर चार वर्षे ती सोलापूरला एकटी राहिली, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्याकडे पुण्याला आली, आणि बंद घराला कुलूप घालून त्याची घरपट्टी भरत राहण्यात अर्थ नाही, तिथे कुणीतरी नांदले पाहिजे, असे तिनेच आम्हा दोघा भावंडांना समोर बसवून सांगितले. तरीही घराच्या तपासणीसाठी आलेल्या इंजिनिअर साहेबांनी त्या कॅलेंडरच्या खिळ्याकडे हात नेला, तेव्हा ती चटकन म्हणाली, "तिथे काही नाही. ते राहू द्या." तिथे काय आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. तीस वर्षे कॅलेंडरे बदलत आली, खिळा तोच राहिला, कारण त्याच्या मागून खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरकी गेलेली एक भेग होती आणि ती किल्लारीच्या भूकंपाची होती.

घर १९७६ सालचे. अण्णा शाळेत विज्ञान शिकवत. पतपेढीचे कर्ज, थोडी शिल्लक आणि आईच्या पाटल्या यांतून ते उभे राहिले. विटांच्या भिंतींवरच पेललेला स्लॅब, शहाबादी फरशी, सागवानी चौकटी, मागच्या बाजूला न्हाणीघर, त्याच्यावर गच्चीत पाण्याची टाकी आणि मागच्या अंगणात जमिनीखाली बांधलेला हौद. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येते. त्यामुळे इथल्या घरात हौद ही चैन नसते. संसार त्याच्यावर चालतो. आम्ही लहानपणी पाणी आले की आधी हौदाचे झाकण उघडायला धावत असू.

विकण्याआधी आपणच घर तपासून घ्यावे ही कल्पना माझी नाही. माझी मामेबहीण न्यू जर्सीत असते. तिकडे घर घेणारा आपला निरीक्षक घेऊन येतोच, पण तिने घर विकायला काढण्याच्या आधीच स्वतःच्या खर्चाने तपासणी करून घेतली होती. छप्पर, वायरिंग, तळघरातला रेडॉन वायू, अंगणात जुन्या काळी पुरलेली तेलाची टाकी अजून आहे का, इथपर्यंत सगळे तिने पाहून घेतले आणि अहवाल येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ठेवला. मला ते ऐकून नवल वाटले, कारण आपल्याकडे विक्रीच्या वेळी तपासले जातात ते कागद. वकील मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च काढतो, प्रॉपर्टी कार्ड पाहिले जाते, नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा म्हणजे इंडेक्स टू मागितला जातो, बँकेतर्फे मूल्यांकनाला आलेला माणूस मापे घेऊन आणि चार फोटो काढून जातो. भिंतीवर बोट ठेवून ही ओली का, असे विचारण्याचे काम कुणाकडेच नसते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत निदान एवढी तरतूद आहे की इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनी असेल तर तीन वर्षांतून एकदा तिचे संरचनात्मक परीक्षण व्हावे. आमच्यासारख्या सुट्या, बैठ्या घराला मात्र तेवढेही विचारणारे कुणी नाही.

एजंटचा सल्ला वेगळा होता. त्याचे म्हणणे, आतून-बाहेरून रंग काढून घ्या, मागच्या खोलीत पीओपी करून टाका, ओल दिसणार नाही, घर आठवड्यात जाईल. "झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई," असे तो दोनदा म्हणाला. माझ्या भावालाही ते पटत होते. तो अप्रामाणिक नाही. त्याला एवढेच वाटत होते की एवढ्या जुन्या घरात शोधायला गेले की काही ना काही निघणारच, आणि एकदा निघाले की ते आपल्या गळ्यात पडणार.

त्याच्या या भीतीत तथ्य होते, हे मला मालमत्ता हस्तांतरण अधिनियम वाचल्यावर कळले. हा कायदा १८८२ सालचा. त्याच्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्याची कर्तव्ये दिली आहेत, आणि त्यांतले अगदी पहिले कर्तव्य असे की, उलट करार झालेला नसेल तर, मिळकतीतला किंवा तिच्या मालकी हक्कातला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याला सापडण्यासारखा नाही, तो विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. न सांगणे ही कायद्याच्या दृष्टीने लबाडी ठरते. म्हणजे सगळे येऊन थांबते ते 'माहीत आहे' या दोन शब्दांवर. तपासणी करून घेतली की दोष माहीत होतो, आणि माहीत झाला की सांगावा लागतो. ज्याला सांगायचे नाही त्याने पाहायचेच नाही, ही पळवाट त्यातून आपोआप तयार होते, आणि आपल्याकडची बहुतेक जुनी घरे याच पळवाटेने हातोहात जातात असे मला वाटते. मी भावाला म्हटले, आपण या घरात वाढलो. पावसाळ्यात मागच्या खोलीतले कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचे, हे आपल्याला कुणी शिकवावे लागले नाही. आपल्याला माहीत नाही असे आपण कुणाला सांगणार? तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बोलाव इंजिनिअरला."

साहेब तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकवून निवृत्त झालेले. एप्रिलमधल्या एका सकाळी ऊन तापायच्या आत, सातलाच ते आले. पिशवीत बॅटरी, ओळंबा, छोटी हातोडी, ओल मोजायचे यंत्र, भेगेची रुंदी मोजायची पारदर्शक पट्टी, एक काचेची बाटली आणि दोरा. त्यांनी आधी घराबाहेरून तीन फेऱ्या मारल्या. आत यायची त्यांना घाई नव्हती. "घर काय म्हणतंय ते आधी बाहेरून दिसतं," म्हणाले.

मागच्या डाव्या कोपऱ्याशी ते थांबले. तिथे बाहेरच्या गिलाव्यावर जोत्यापासून वर जाणारी, पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी एक भेग होती. ती विटांच्या सांध्यांतूनच गेली होती, वर रुंद आणि खाली निमुळती. आमच्या कुणाच्याही डोळ्यांना ती कधी भेग म्हणून दिसली नव्हती, कारण तिच्यावर मधुमालतीचा वेल होता. साहेबांनी पट्टी लावून पाहिली. वरच्या टोकाला चार मिलिमीटर. भेग वर रुंद होते तेव्हा कोपरा खाली बसत असतो, असे त्यांनी सांगितले. मग जोत्यालगत माणूस लावून त्यांनी खड्डा खणून घेतला.

सोलापूरची जमीन काळी. काळ्या मातीतल्या चिकणमातीच्या कणांच्या थरांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात ते उडून जाते आणि माती आकसते, इतकी की रानात हात जाईल अशा भेगा पडतात. या फुगण्या-आकसण्याच्या वर घर बांधले तर ते दर वर्षी उचलले जाते आणि बसते, म्हणून इथले जुने गवंडी पाया मुरमापर्यंत नेल्याखेरीज राहत नसत. आमच्या घराच्या पुढच्या बाजूला मुरूम वरच होता. मागे जमीन उतरती असल्याने तो खोल गेला होता, आणि खड्ड्यात दिसले ते असे की त्या एका कोपऱ्यात पाया मुरमाच्या दोन फूट वर, पिवळट मातीतच थांबला होता. पैसे संपले असतील, की पाऊस तोंडावर आला असेल? आईला आठवत नव्हते. तरीही एवढ्याने पन्नास वर्षांत हा कोपरा बसायला नको होता, असे साहेबांचे मत पडले. या मातीला एकाच जागी सतत पाणी मिळते आहे, ते कुठून, असे विचारत त्यांनी हौदाकडे पाहिले.

हौदाची परीक्षा साधी होती आणि आम्ही ती आयुष्यात कधी केली नव्हती. हौद भरायचा, नळाची तोटी आणि मोटर बंद करायची, आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेत पेन्सिलीची खूण करायची, झाकण लावायचे आणि चोवीस तास थांबायचे. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या खाली चार बोटे उतरले होते. मी झाकणापाशी गुडघ्यांवर बसून ती ओली कड पाहत राहिले. दुष्काळी भागात वाढलेल्या आम्हा मुलांना बादलीतले उरलेले पाणी झाडाला घालायची शिस्त अण्णांनी लावली होती, आणि त्याच घराच्या पोटातून न जाणो किती वर्षे रोज इतके पाणी पायाखाली मुरत होते. माझ्या मनाला ते फार लागले.

न्हाणीघराच्या छताचे पोपडे मात्र आम्हाला ठाऊक होते. दर दिवाळीच्या आधी ते खरवडून वर चुना मारला जाई. साहेबांनी स्टुलावर चढून हातोडीने छत ठोकायला सुरुवात केली आणि मला डोळे मिटून ऐकायला सांगितले. दाराजवळ आवाज खणखणीत होता. टाकीच्या खालच्या भागात येताच तो बदलला, बद्द झाला, रिकाम्या डब्यावर टिचकी मारावी तसा. तिथला एक तुकडा त्यांनी छिन्नीने काढला. आत दिसणाऱ्या सळईवर तपकिरी पापुद्रे होते. मग त्यांनी पिशवीतली काचेची बाटली काढली, ताज्या तुटलेल्या कडेवर तिच्यातला द्रव फवारला आणि आई एकदम म्हणाली, "हे फिनॉल्फ्थॅलिन ना?"

तिला ते माहीत असणारच. दर फेब्रुवारीत दहावीची मुले प्रात्यक्षिकांच्या तयारीला अण्णांकडे येत आणि आमच्या ओट्यावर साबणाचे पाणी गुलाबी करून दाखवत. अल्कधर्मी पदार्थाला लागले की ते गुलाबी होते. इथे तोच प्रयोग छतावर चालला होता. चांगल्या काँक्रीटचा सामू बाराच्या वर असतो आणि त्या अल्कधर्मी आवरणात लोखंड सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड ओलाव्याच्या साथीने वर्षानुवर्षे आत शिरत जातो तसा सामू उतरतो, हे कवच जाते आणि सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो, म्हणून तो आतून काँक्रीटला ढकलतो आणि पोपडे पडतात. आमच्या तुकड्याच्या आतल्या अंगाला गुलाबी रंग आला. खालच्या दोन सेंटिमीटरांत, जिथे सळई होती तिथे, रंग आलाच नाही. आई तो तुकडा हातात धरून बराच वेळ पाहत होती. पंचवीस दिवाळ्या आम्ही त्याच्यावर चुना मारला होता.

विजेचे काम लवकर उरकले. पोर्सिलीनचे जुने कटआउट, म्हणजे फ्यूज, बदलून एमसीबी आणि विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारी आरसीसीबी बसवायला हवी, हे सांगायला इंजिनिअरही लागत नव्हता. एक गोष्ट मात्र लिहून ठेवावीशी वाटते. मीटरमागच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध मोजला, तर तो हवा त्याच्या कितीतरी पट निघाला, म्हणजे अर्थिंग जवळजवळ नव्हतेच. खड्ड्यातला कोळसा आणि मीठ कोरडे ठणठणीत झाले होते. अण्णा दर उन्हाळ्यात, होळी झाली की, त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतत. आम्ही ते त्यांचे एक वेड समजत होतो. ते गेल्यापासून कुणी ओतले नव्हते, आणि चार वर्षे आई त्या घरात एकटी गीझर लावत होती.

शेवटी साहेब मधल्या खोलीत आले आणि कॅलेंडरपाशी थांबले.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सोलापुरात कुणी विसरलेले नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून लोक दमून झोपलेले, आणि चारच्या सुमाराला जमीन हलली. मी तेव्हा नववीत होते. भांड्यांची मांडणी खाली आली, अण्णांनी आम्हाला उचलून अंगणात नेले, आणि उजाडल्यावर किल्लारी, सास्तूर ही नावे ऐकू येऊ लागली. तिकडे माळवदाच्या घरांच्या मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या होत्या. आमच्या घराला एक भेग पडली, एवढेच. पण त्यानंतर कित्येक रात्री आम्ही अंगणात झोपलो, आणि पुढे आयुष्यभर आईने त्या भिंतीजवळ कुणाचे अंथरूण घातले नाही. कॅलेंडर तिनेच टांगले होते, आम्हा मुलांना ती भेग दिसून भीती वाटू नये म्हणून. घर विकताना तिला वाटणारी धास्तीही हीच होती, की घेणारा ही भेग पाहील आणि उठून जाईल.

साहेबांनी तिची परवानगी घेतली आणि मगच कॅलेंडर उतरवले. भेगेवर मध्यभागी, आडवी, दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गोळ्यांनी चिकटवलेली एक काचपट्टी होती. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात ती, शाळेच्या प्रयोगशाळेतली. तिच्याखाली पेन्सिलीने अण्णांच्या अक्षरात लिहिले होते: ७-१०-९३.

मला ती काच आठवत नव्हती. आईला पुसटशी आठवत होती, पण ती कशासाठी लावली हे तिने कधी विचारले नव्हते. साहेब मात्र बॅटरी तिरकी धरून तिच्याकडे पाहतच राहिले. बांधकामातली ही जुनी रीत आहे, त्यांनी सांगितले. भेग जिवंत आहे की मेली, म्हणजे वाढते आहे की थांबली, हे कळावे म्हणून तिच्यावर काच चिकटवतात. काचेला ताण सोसत नाही. भिंत केसभर सरकली तरी ती तडकते. त्यांनी बोटाचे नख काचेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूच फिरवले. काच अखंड होती.

"वहिनी, ही भेग तीस वर्षांपूर्वीच थांबलीय," ते म्हणाले. "सरांनी पुरावा ठेवलाय."

आई खाली बसली. ज्या भिंतीला ती तीस वर्षे भीत आली ती पुढच्या बाजूची, मुरमावरची भिंत या घरातली सर्वांत निर्धोक भिंत होती, आणि ज्या न्हाणीघरात ती रोज जात होती, ज्या हौदावर पाय देऊन ती तुळशीला पाणी घालत होती, तिथे खरा दोष होता. अण्णांनी काच लावली हे त्यांनी तिला नीट सांगितले असते तर? मी हा प्रश्न तिला विचारला नाही. साहेबांनी पेन्सिल पुढे केली आणि म्हणाले, पाहणी झाली की तारीख टाकायची असते. आईने जुन्या तारखेच्या खाली, तिच्या बारीक अक्षरात, त्या दिवसाची तारीख लिहिली.

अहवाल अकरा पानांचा झाला. हौद आतून गिलावा करून घेतला, न्हाणीघरावरचा स्लॅब सळया साफ करून आणि काही बदलून दुरुस्त केला, अर्थिंग नवे केले, मागच्या कोपऱ्याभोवती पाणी मुरू नये म्हणून उताराची फरसबंदी केली. कोपऱ्याचा पाया मात्र आहे तसा आहे. दोन पावसाळे त्यावर लक्ष ठेवावे, असे साहेबांनी स्पष्ट लिहिले आणि तिथेही एक काच लावून दिली. पहिले गिऱ्हाईक तेवढे वाचूनच फिरकले नाही, आणि एजंट माझ्याशी पंधरा दिवस धड बोलला नाही. त्याचा राग मी समजू शकते, पण पुन्हा घर विकायची वेळ आली तरी मी हेच करीन.

दुसरे आले ते पूर्व भागातले नवरा-बायको. तो टॉवेलच्या कारखान्यात, ती सरकारी रुग्णालयात परिचारिका. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. आजवर भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलेली माणसे. तिने अहवाल घरी नेला, आठ दिवसांनी आणला तेव्हा त्याच्या समासात पेन्सिलीने प्रश्न लिहिलेले होते, आणि प्रत्येक प्रश्न बरोबर होता. कोपऱ्यासाठी म्हणून आम्ही किमतीत दीड लाख कमी केले. ते तिने मागण्याआधीच भावाने सांगून टाकले. मधल्या खोलीतली काच काढू नका, असे तिने स्वतःहून सांगितले. एकच अट घातली, की हौदाची परीक्षा तिच्यासमोर पुन्हा व्हावी.

पाणी आले त्या संध्याकाळी ती ड्यूटीवरून थेट आली. हौद काठोकाठ भरला, तोटी बंद झाली, आणि तिने वाकून स्वतः रेघ ओढली. झाकणावर एक वीट ठेवली. मी त्या रात्री शेवटची म्हणून त्या घरात झोपले, मधल्या खोलीत, भिंतीला लागून अंथरूण घालून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती त्याच वेळेला आली. आई पुण्याहून फोनवर होती. परिचारिकेने वीट बाजूला केली, झाकण सरकवले, बॅटरी पाण्यावर धरली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्या हातातला फोन घेऊन म्हणाली, "काकू, रेघेवरच आहे."